बिडीबिडीतलं मोबाइल मनी : पोचवायला झकास, ठेवायला नको

निकाल आधी सांगून टाकते. युगांडातल्या निर्वासित वसाहतींत फोनवरून पैसे देण्याघेण्याची जी सेवा चालते, ती पैसे पोचवायला उत्तम आहे आणि पैसे ठेवायला फारशी कामाची नाही. पाचपैकी तारे द्यायचे तर पोचवण्याला साडेचार, ठेवण्याला दोन. आता कारणं.

मी हिशेबाची माणूस. उत्तर युगांडात यूंबे जिल्ह्यात बिडीबिडी नावाची वसाहत आहे, तिथं रोख मदत देणाऱ्या एका संस्थेची खाती सांभाळते. कुणाच्या नंबरावर किती गेले, कुणाचे पोचले, कुणाचे परत आले, हे बघायचं. पोचलेल्या पैशांतून शिकण्यासारखं काही नसतं. परत आलेल्यांची यादी मात्र नीट वाचावी अशी असते. शिवाय माझ्या स्वतःच्या फोनवरही हीच सेवा आहे. बाजारहाट, मोटरसायकलवाला, घरमालक, सगळ्यांचे पैसे त्यावरूनच जातात. त्यामुळे पासपोर्टवर सिम घेतलेल्या बाईला ही सेवा कशी वागवते आणि निर्वासिताच्या कागदावर सिम घेतलेल्या बाईला कशी, हे दोन्ही मला रोज दिसतं. कंपनी तीच, मेनू तोच, वागणूक वेगळी.

बिडीबिडी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 2016च्या जुलैत दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, पुन्हा लढाई पेटली. ऑगस्टमध्ये ही वसाहत उघडली आणि काही महिन्यांत अडीच लाखांच्या वर माणसं इथं आली. पाच झोन आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटरसायकलवर गेलं की कंबर बोलायला लागते. तारांचं कुंपण वगैरे नाही. युगांडाच्या 2006च्या निर्वासित कायद्यानं त्यांना काम करायची आणि देशात फिरायची मुभा आहे, घरापुरता आणि शेतीपुरता जमिनीचा तुकडाही मिळतो. म्हणजे इथली माणसं नुसती मदत घेत बसलेली नाहीत. कुणी तीळ पिकवून विकतं, कुणी केस विणून देतं, कुणी सोलरवर फोन चार्ज करून देतं, कुणाचा भाऊ कंपालात गवंड्याच्या हाताखाली राबून पैसे पाठवतो. शाळेची फी भरायची असते, बियाणं घ्यायचं असतं. पैशाला जायला-यायला रस्ता हवा, आणि बँकेची शाखा काही प्रत्येक झोनमध्ये निघत नाही.

यूपीआयची सवय असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यूपीआयच्या मागं बँकेचं खातं असतं. इथं खातं लागतच नाही. सिम घेतलं आणि नोंदणी केली की तो नंबर हेच पाकीट. एमटीएन या मोबाइल कंपनीनं युगांडात हे 2009मध्ये सुरू केलं. एअरटेलचंही तसंच आहे. एकीचा कोड *165#, दुसरीचा *185#. बटणांचा साधा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. रोकड भरायची किंवा काढायची तर टपरीवरचा एजंट. आपले पैसे कंपनी स्वतःच्या धंद्यात वापरू शकत नाही, ते बँकेत विश्वस्त खात्यात वेगळे ठेवावे लागतात. 2020च्या पेमेंट कायद्यानं ते बंधन पक्कं केलं. कंपनी बुडाली तरी पाकीट बुडू नये, अशी ही तरतूद. यंत्र म्हणून ही व्यवस्था मला मनापासून आवडते. कमी शिकलेल्या, जुना फोन असलेल्या माणसाला गृहीत धरून बांधलेली पैशाची सेवा जगात फार नाही.

पण पाकीट सिमवर, सिम कागदावर आणि कागद सरकारवर. निर्वासितांची अर्धी कहाणी इथंच अडकते.

2017मध्ये युगांडात सिमसाठी राष्ट्रीय ओळखपत्राची सक्ती कडक झाली. निर्वासिताकडे ते असणार कुठून? त्याच्याकडे पंतप्रधान कार्यालयानं दिलेलं निर्वासित ओळखपत्र असतं, किंवा नुसतं दाखलापत्र: एका पानावर सगळं कुटुंब, फोटो आणि नोंदणी क्रमांक. हे दाखलापत्र चालेल असा आदेश दूरसंचार आयोगानं 2019च्या ऑगस्टमध्ये काढला. तोवर लोकांनी आपली वाट शोधली होती. ओळखीच्या युगांडावासीयाच्या नावावर सिम, आणि त्यावर आपला संसार. एकाच भल्या दुकानदाराच्या नावावर आठ-दहा जणींची पाकिटं, हा प्रकार मी आमच्या यादीत पाहिला आहे. तो माणूस भला होता म्हणून निभावलं. पाकिटाचा कायदेशीर मालक तोच, उद्या त्यानं नंबर बंद केला तर दाद कुठं मागायची?

आता कागद चालतो, पण जुळत नाही. दक्षिण सुदानी माणसाला स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव असतं. कंपनीच्या फॉर्मवर दोनच खाने. टेबलामागचा मुलगा कोणती दोन घेईल ते त्याच्या मर्जीवर. जन्मतारखेचं तर विचारूच नका. ज्यांना नक्की तारीख माहीत नव्हती त्यांना सीमेवरच्या नोंदणीत 1 जानेवारी मिळाली, त्यामुळे आमच्या यादीत नवीन वर्षाच्या दिवशी जन्मलेल्यांची अख्खी पलटण आहे. पुढं कुणी शाळेचा दाखला किंवा बाप्तिस्म्याचा कागद दाखवून सिमवर खरी तारीख नोंदवली, की दोन कागद दोन तऱ्हेचे झाले आणि पैसे परत. परत आलेल्या ओळीपुढं यंत्र कारण लिहितं: नाव जुळत नाही. त्या तीन शब्दांमागची बाई महिनाभर हेलपाटे घालते.

आता साडेचार तारे कशाचे ते सांगते. फोनवर द्यायची सोय नसली की रोख वाटायचे म्हणजे काय असतं, ते मी पाहिलं आहे. गाडीत रोकड, बरोबर बंदूकधारी पोलिस, उन्हात तासन् तास रांग, शाईचा अंगठा, आणि कोणत्या दिवशी कुणाच्या हाती पैसे असतील हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. पोरगं आजारी असलं तरी बाईनं रांग सोडायची नाही. त्यापुढं आताची पद्धत बघा: आम्ही फाइल सकाळी पाठवतो, दुपारपर्यंत फोन वाजलेले असतात. कुणाला किती मिळाले ते शेजारणीलाही कळत नाही. नवऱ्यालाही नाही, आणि हे काही बायकांनी मला डोळे मिचकावून सांगितलं आहे. वाटेत कुणी हात मारत नाही. पैसे कुणी दिले, कधी दिले, याचा मेसेज फोनवर राहतो. हिशेबवालीला आणखी काय हवं?

मग ती बाई टपरीवर जाते.

टपरी म्हणजे लाकडी खोकं, एका कंपनीचं पिवळं रंगवलेलं, दुसरीचं लाल. आत एक तरुण, एक ड्रॉवर, दोन फोन आणि शाळेची रेघी वही. वहीत तारीख, नाव, ओळख क्रमांक, फोन नंबर, रक्कम, सही. सही येत नसेल तर अंगठा. एजंटकडं दोन प्रकारचा पैसा असतो: ड्रॉवरमधली रोकड आणि फोनमधला फ्लोट, म्हणजे त्याच्या पाकिटातली शिल्लक. तुम्ही पैसे काढले की त्याची रोकड कमी होते आणि फ्लोट वाढतो. भरले की उलट. शहरात दिवसभरात काढणारे आणि भरणारे सारखेच येतात, त्यामुळे आपोआप जमतं. वसाहतीत वाटपाच्या दिवशी फक्त काढणारे. दहा-पंधरा जणींत ड्रॉवर रिकामा, फोनमध्ये फ्लोट तुडुंब. त्या फ्लोटची पुन्हा रोकड करायची तर यूंबे गावात बँकेत जायचं, आणि नोटांची पिशवी पोटाशी धरून मोटरसायकलवर परत यायचं. तो जातोही. पण तोवर रांग मोडून लोक दुसऱ्या टपरीकडं पळालेले असतात आणि तिथंही तीच गत.

एजंट मात्र "पैसे संपले" असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "नेटवर्क गेलं." मी समोर उभी, माझ्या हातातल्या फोनवर त्याच कंपनीचा मेनू लख्ख उघडलेला. मी फोन त्याच्यापुढं धरला तर म्हणाला, "तुमचं मोठं नेटवर्क आहे, मॅडम." रांगेतल्या बायका खो खो हसल्या. त्याचा मला राग आला नाही. पैसे संपले म्हटलं तर गिऱ्हाईक कायमचं तुटतं, नेटवर्कवर ढकललं तर संध्याकाळी परत येतं. वाटपाचा दिवस कंपनीला आमच्याकडून आधी कळवलेला असतो. एजंटांना आदल्या दिवशी जादा रोकड पुरवणं हे तिचं काम. कधी होतं, कधी होत नाही. जेव्हा होतं तेव्हा सगळं कसं लोण्यासारखं जातं.

पिनबद्दल काय लिहावं! मेनू इंग्रजीत, किंवा युगांडातल्या एखाद्या भाषेत. इथं कानावर पडते ती जुबा अरबी, काक्वा, कुकू, डिंका. जुबा अरबीतला मेनू मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे आजी फोन एजंटच्या हातात देते आणि पिन मोठ्यानं सांगते, मागच्यांनाही ऐकू जाईल असा. ज्यांना नातू आहे त्यांचा पिन नातवाला पाठ. गुप्त क्रमांकाची कल्पनाच अशी आहे की तो ज्याला वाचता येतो त्याच्यापुरताच गुप्त राहतो.

अशाच एका आजीचा फोन मी हातात घेऊन बघत होते, पैसे कमी मिळाले अशी तिची तक्रार होती म्हणून. दोन मेसेज होते, एकापाठोपाठ एक, एकाच मिनिटातले. दोन्हींत रक्कम सारखी. म्हणजे तिनं एकदा काढायला सांगितले आणि एजंटनं अर्धे-अर्धे करून दोनदा काढले. कारण शुल्क टप्प्याटप्प्यानं लागतं आणि एजंटचं कमिशनही. दोन छोटे व्यवहार केले की त्याला दोनदा कमिशन मिळतं आणि आजीला एकूण शुल्क जास्त पडतं. आजीला मेसेज दोन आले हेच माहीत नव्हतं. ही चलाखी मोबाइल मनी जिथं जिथं आहे तिथं तिथं चालते, इथलीच म्हणून नव्हे, पण जिला मेसेज वाचता येत नाही तिच्यावर ती दर महिन्याला चालते.

शुल्काच्या वर सरकारचा कर. 2018च्या जुलैत युगांडा सरकारनं मोबाइल मनीवर 1 टक्का कर लावला, त्यावरून गदारोळ झाला, मग तो फक्त पैसे काढण्यावर ठेवून 0.5 टक्के केला. एक लाख शिलिंग काढले तर 500 शिलिंग सरकारचे. इथं सोलरवाल्याकडं फोन एकदा पूर्ण चार्ज करायचे साधारण तेवढेच पडतात.

आणि आता माझ्या मुख्य तक्रारीकडं येते. आमच्यासारख्या संस्था मदतीची रक्कम पाठवताना काढण्याचं शुल्क वर घालून पाठवतात. चांगली गोष्ट. पण ते शुल्क एकदाच काढण्याचं धरलेलं असतं. म्हणजे बाईनं गरजेप्रमाणे चारदा थोडे थोडे काढले तर तीन वेळचं शुल्क तिच्या खिशातून. शहाणपण कशात? पहिल्याच दिवशी सगळे काढण्यात. मग आम्हीच अहवालात लिहितो की निर्वासित पाकीट वापरत नाहीत, पैसे आले की लगेच काढून घेतात, त्यांना बचतीचं प्रशिक्षण द्या! अशा प्रशिक्षणाचे तक्ते मी पाहिले आहेत, त्यांत रंगीत डुकराचा गल्ला असतो.

सगळे पैसे काढून घेण्याची आणखीही सयुक्तिक कारणं आहेत. एजंटकडं उद्या रोकड असेल याची खात्री नाही. सिम हरवलं तर परत मिळेल याची नाही. बराच काळ नंबर वापरला नाही तर तो बंद होतो. आणि यूंबेचे जुने दुकानदार 2016च्या निवडणुकीची आठवण काढतात: 18 फेब्रुवारीला मतदानाच्या दिवशी सरकारच्या आदेशानं समाजमाध्यमांबरोबर मोबाइल मनीही बंद पडलं होतं. ज्यानं एका रात्रीत गाव सोडलं आहे त्याला हे ऐकवल्यावर तो पाकिटात शिल्लक कशाला ठेवेल?

मग बचत होते कुठं? बचत गटात. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडं आणि पेटी चौथीच्या घरी. आठवड्याला बैठक, प्रत्येकीच्या पुस्तिकेत शिक्के. मी ज्या गटात जाऊन बसते तिथं कर्जाला महिन्याला दहा टक्के व्याज आहे, पण ते व्याजही वर्षाअखेर त्यांच्यातच वाटलं जातं. कंपन्यांच्या पाकिटावर छोटं कर्ज मिळायची सोय युगांडात आहे, पण नुसतं दाखलापत्र असलेल्या माझ्या ओळखीच्या एकाही बाईला ते मिळालेलं नाही. पेटी तिला नाव विचारत नाही. तिच्यात दोष आहेतच, चोरी होते, किल्लीवाली सीमेपलीकडं निघून जाते. तरी तिथं पैसे ठेवायला लोक तयार आहेत आणि फोनमध्ये नाहीत, हे कंपनीच्या कुणीतरी येऊन बघावं. एका गटानं पेटीतली मोठी रक्कम फोनवर ठेवून पाहिली होती. पैसे काढायला तिघींचे पिन लागावेत अशी त्यांची मागणी होती. पाकीट एका नंबराचं, एका माणसाचं. तिघींचं करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी पैसे परत पेटीत टाकले.

एवढं बोलून झाल्यावर बाकीच्या देशांतले पर्याय बघते, तेव्हा मात्र या सेवेची किंमत वाढते. जॉर्डनमधल्या झातरी छावणीत 2016मध्ये सिरियन निर्वासित दुकानात बुबुळाचं स्कॅन देऊन सामान घेऊ लागले. पिन विसरायचा प्रश्न नाही, कार्ड हरवायचा नाही. तंत्र थक्क करणारं आहे. पण ती मदत ठरलेल्या दुकानातच चालायची, भावाला पाठवता यायची नाही. केनियात काकुमामध्ये 2015मध्ये बांबा चाकुला नावाची योजना आली, तीही फोनवरचीच, पण पैसे फक्त करार केलेल्या दुकानदारांकडं अन्नासाठी. जर्मनीनं 2024मध्ये आश्रय मागणाऱ्यांना मदत पेमेंट कार्डावर देण्याचा कायदा केला. बऱ्याच राज्यांत त्यातून महिन्याला 50 युरोच रोख काढता येतात. या सगळ्यांमागं एकच शंका: हातात पैसे दिले तर ही माणसं त्यांचं काय करतील? बिडीबिडीतल्या पाकिटात आलेला शिलिंग मात्र युगांडातल्या कोणत्याही शिलिंगासारखाच शिलिंग असतो. त्यातून मीठ घ्या, बियाणं घ्या, फी भरा, चर्चच्या पेटीत टाका. याला मी अर्धा तारा जास्तच दिला असेन.

पाकीट कितीही चांगलं असलं तरी त्यात येणारं आटतं आहे, हेही खरं. 2025मध्ये निधी नसल्यानं जागतिक अन्न कार्यक्रमानं युगांडातल्या सुमारे दहा लाख निर्वासितांची अन्नमदत थांबवली. तेव्हापासून टपरीवरची रांग लहान झाली आहे, एजंट कमी झाले आहेत आणि उरलेला एजंट लांब गेला आहे.

शेवटी सिम हरवण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं. नवीन सिमवर जुना नंबर घ्यायचा तर मूळ कागद घेऊन सेवा केंद्रात जावं लागतं. दाखलापत्र कुटुंबाचं, त्यावर पहिलं नाव कुटुंबप्रमुखाचं. आमच्या झोनमधल्या एका बाईचा नवरा शेत बघायला म्हणून सीमेपलीकडं गेला आणि जाताना तोच कागद घेऊन गेला. फोन ओढ्यात पडला. पाकिटात शिल्लक आहे, आम्हाला ती दिसते, कंपनीला दिसते, तिला काढता येत नाही. कागदाची दुसरी प्रत पंतप्रधान कार्यालयाकडून, सिम कंपनीकडून; दोन्हीकडं दुसरीकडचा कागद आधी मागतात.

हे सुटण्यासारखं नाही असं नाही. एकदा झोनच्या मैदानात दोन्ही टेबलं शेजारी-शेजारी लागली होती, कंपनीचं आणि सरकारी नोंदणीचं. या टेबलावर नाव दुरुस्त, त्या टेबलावर सिम हातात. पुढच्या महिन्यात माझी परत आलेल्यांची यादी दोन पानांवरून अर्ध्या पानावर आली. असा दिवस तिमाहीला एकदा ठेवा, असं आम्ही दोन्हीकडं लेखी कळवलं आहे. कंपनीकडून पोच आली. तिच्यात ग्राहक संदर्भ क्रमांक आहे आणि अडचण सोडवण्यासाठी आपल्या नोंदणीकृत नंबरावरून फोन करावा असं लिहिलं आहे.